पुनर्विकासाच्या सभेत तर्कदोष कसे पकडावेत

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये आयुष्यभराच्या कमाईचं घर पणाला लागतं ते एखाद्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, दोन-अडीच तासांत. विकासकाचं सादरीकरण, समितीचं निवेदन, चहा-समोसा, मग हात वर. या वेळात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं खोटं नसतं. आकडे बहुतेकदा खरे असतात आणि बोलणारी माणसंही प्रामाणिक असतात. गफलत असते ती आकड्यावरून निष्कर्षावर मारलेल्या उडीत.

तर्कदोषांच्या नावांची यादी पाठ करून सभेला जाऊ नका. "हा तर व्यक्तिनिंदेचा दोष झाला" असं म्हटल्यावर समोरचा गप्प बसत नाही, चिडतो; आणि बाकीच्यांना वाटतं की हे साहेब शिकवणी घ्यायला आलेत. नेमका प्रश्न विचारता आला तर नावाची गरज पडत नाही.

तीन ओळींची चाचणी

वहीत प्रत्येक मोठ्या मुद्द्यासाठी तीन ओळी ठेवा. पहिलीत लिहा: आपल्याला काय मान्य करायला सांगताहेत? दुसरीत: त्याचं कारण काय दिलं? तिसरी ओळ तुम्हालाच भरायची असते: हे कारण आणि हा निष्कर्ष जोडणारा, कोणी न बोललेला नियम कोणता?

ही युक्ती नवी नाही. न्यायदर्शनात अनुमान पाच अवयवांत मांडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर दिसतो. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून अग्नी आहे. सभेतल्या भाषणात प्रतिज्ञा आणि हेतू ठणकावून सांगितले जातात, निगमनावर टाळ्या पडतात. तिसरा अवयव, म्हणजे 'जिथे जिथे... तिथे तिथे' हा नियम, मात्र हमखास गिळला जातो. तो बाहेर काढून मोठ्याने म्हणून पाहायचा.

"ही कंपनी ४० वर्षं जुनी आहे, त्यामुळे काम वेळेत होईल." गिळलेला नियम: जी जी कंपनी जुनी, ती ती वेळेत ताबा देते. असं म्हणताक्षणीच दोन-तीन जुन्या कंपन्यांचे रखडलेले सांगाडे कोणाच्याही डोळ्यांपुढे येतात. जुनेपण वेळेत काम करणाऱ्यांकडेही असतं आणि न करणाऱ्यांकडेही. असा दोन्हीकडे नांदणारा हेतू (म्हणजे दिलेलं कारण) म्हणजे सव्यभिचार. सभेत सर्वाधिक भेटणारा दोष हाच. त्यावरचा प्रश्न एकच: "हीच गोष्ट खरी असूनही उलट घडलंय, असं एखादं उदाहरण आहे का?"

याहून गंमतीचा प्रकार विरुद्ध हेतूचा. इथे दिलेलं कारण नेमकं उलटी गोष्ट सिद्ध करतं. "यांच्याकडे आत्ता एकाच वेळी १२ प्रकल्प सुरू आहेत, म्हणजे आपलंही झटपट होईल." एवढी कामं एकत्र चालू असतील तर पैसा, ठेकेदार आणि मजूर विभागले जाणार, हा त्याच वाक्याचा अधिक सरळ अर्थ आहे.

तिसरा साध्यसम. जे सिद्ध करायचं तितकंच असिद्ध कारण. "विकासक भरवशाचा आहे, कारण तो दिलेला शब्द पाळतो." शब्द पाळतो हेच तर तपासायचं होतं. वाक्याची दोन टोकं एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतात का, हे पाहिलं की हा दोष सापडतो.

'कार्पेट' म्हणजे नक्की कोणतं?

सर्वांत महागात पडणारा दोष वाक्छलाचा: शब्द तोच ठेवून मधेच अर्थ बदलणं. पुनर्विकासात तो 'कार्पेट' (घराच्या आतली वापरायची जागा) आणि 'टक्के' या दोन शब्दांत दडलेला असतो.

जुन्या घराचं कार्पेट आपण खोलीच्या आतल्या भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावून मोजतो. २०१६च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यातल्या कार्पेटच्या व्याख्येत मात्र घरातल्या अंतर्गत भिंतींची जागा धरली जाते; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. शिवाय सादरीकरणात 'वापरण्याजोगं क्षेत्र' नावाचा तिसराच आकडा असू शकतो, ज्यात बाल्कनीही घातलेली असते.

आता समजा, तुमचं घर टेपने ४८० चौरस फूट आहे आणि पडद्यावर '३५ टक्के जास्त' झळकलं. ४८० चे ३५ टक्के वाढवून ६४८ झाले. या ६४८ मध्ये ४५ चौरस फूट बाल्कनी आणि २२ चौरस फूट अंतर्गत भिंती असतील, तर तुमच्या जुन्या मापाने नवं घर ५८१ चौरस फूट. वाढ १०१ फुटांची, म्हणजे जेमतेम २१ टक्के. खोटं कोणीच बोललेलं नाही. जुन्या घराला एक माप आणि नव्याला दुसरं लावलं, इतकंच.

त्यामुळे 'किती टक्के' हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा. आधी विचारा, कशाचे टक्के: टेपने मोजलेल्या जागेचे, की मंजूर नकाशातल्या? नंतर, नव्या घराचा आकडा कोणत्या व्याख्येने? दोन्ही घरांची मापं एकाच व्याख्येने, फ्लॅटनिहाय तक्त्यात, चौरस मीटरमध्ये मागा. 'सरासरी ३५ टक्के' असं उत्तर आलं तर तक्ता आणखी गरजेचा आहे, कारण सरासरी उत्तम असूनही तुमच्या विंगेला कमी मिळू शकतं. संपूर्ण गटाबद्दल जे खरं, ते गटातल्या प्रत्येकाबद्दल खरं असेलच असं नाही.

कॉर्पसचंही, म्हणजे विकासक सदस्यांना देतो त्या एकरकमी पैशाचंही, असंच. "प्रत्येकाला १० लाख रोख" हे वाक्य ऐकताना ते निव्वळ लाभासारखं वाटतं. नव्या टॉवरला लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक येणार. देखभाल महिना ३,५०० वरून ९,००० वर गेली तर वर्षाला ६६,००० रुपये जादा. १० लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर ७०,००० येतात, तेही आयकरापूर्वी. म्हणजे कॉर्पस देखभालीतच मुरला. एकच बाजू दाखवणं हाही तर्कदोष आहे. तो बोललेल्या वाक्यांत सापडत नाही, न बोललेल्या आकड्यांत शोधावा लागतो.

'नाहीतर इमारत पडेल'

दोनच दरवाजे दाखवायचे आणि एकामागे राक्षस उभा करायचा. पुनर्विकास, नाहीतर दुर्घटना. हा खोट्या द्वंद्वाचा प्रकार. भीती खरी असल्यामुळे तो झटकन पटतो, म्हणून इथे थोडं थांबावं.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब खाली संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. महापालिका अशा इमारतींचं वर्गीकरण चार गटांत करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे मोठी संरचनात्मक दुरुस्ती, त्यासाठी इमारत अंशतः रिकामी करणं किंवा काही भाग पाडणं. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. म्हणजे पालिकेच्याच लेखी चार दरवाजे आहेत. सभेत पहिला प्रश्न हवा: "आपल्या इमारतीचा गट कोणता?" उत्तर सी-२बी असेल तर 'पुनर्विकास की मृत्यू' ही मांडणी तिथेच संपते. पुनर्विकास तरीही योग्य ठरू शकतो, पण मग तो दुरुस्तीच्या खर्चाशी ताडून पाहायचा, भीतीपोटी नाही.

उत्तर सी-१ असेल तर मात्र द्वंद्व खरंच आहे. तिथे "घाबरवताय" असं म्हणत बसू नका.

अहवाल कसा झाला हेही पाहावं. नुसत्या डोळ्यांनी पाहून, फोटो काढून केलेला, की रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल, कोअर अशा चाचण्या घेऊन? किती कॉलमवर, कोणत्या मजल्यांवर? तळमजल्यावरच्या गंजलेल्या तीन कॉलमवरून अख्ख्या इमारतीबद्दल बोलणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं; आणि चांगल्या तीन कॉलमवरून 'इमारत ठणठणीत' म्हणणंही तेच. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर मुंबईत प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान घेऊन इमारतीची ताकद ठरत नाही.

शेजारच्या सोसायटीला मिळालं ना!

"पलीकडच्या गल्लीत ४५ टक्के दिले, मग आपल्याला ३० का?" तुलना करणं चूक नाही, आपण रोज तुलनेनेच निर्णय घेतो. तुलना टिकते ती ज्या गुणांमुळे फरक पडतो ते गुण जुळले तरच. इथे ते गुण ठरलेले आहेत: भूखंडाचं क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, सध्या वापरलेला एफएसआय (भूखंडाच्या तुलनेत बांधकामाचं प्रमाण), सदस्यांची संख्या, विमानतळासारख्या कारणाने आलेली उंचीची मर्यादा आणि त्या गल्लीतला विक्रीदर. रस्ता अरुंद असला की मिळणारा एफएसआय कमी; आधीच दाटीवाटीने बांधलेल्या प्लॉटवर विक्रीसाठी उरतं थोडं. हे सहा रकाने आखून दोन्ही सोसायट्यांचे आकडे भरा. चार जुळले तर तुलना बोलकी आहे. इमारतींचा रंग आणि वय एवढंच जुळत असेल तर ती सोडून द्या.

विकासकाच्या माहितीपुस्तिकेतल्या चकचकीत इमारतींनाही हेच लागू. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. विकासकाचे प्रकल्प वेगवेगळ्या पातेल्यांत शिजतात: जागा वेगळी, भागीदार वेगळे, बाजाराची वेळ वेगळी. त्यात शितं निवडतो तोच. पूर्ण झालेले पाच प्रकल्प दाखवले तर विचारायचं, हाती घेतलेले एकूण किती? महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ आणि सुधारित तारीख पाहता येते, न्यायप्रविष्ट प्रकरणांची माहितीही असते. पुस्तिकेतल्या पाचांऐवजी तिथले सगळे पाहा.

इथेच आणखी एक उडी लपलेली असते. नावलौकिक समूहाचा असतो, करारावर सही मात्र या प्रकल्पासाठी गेल्याच वर्षी काढलेल्या एखाद्या एलएलपीची (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेची). समूहाचा अनुभव त्या एलएलपीच्या खिशात आपोआप जात नाही. जबाबदारी मूळ कंपनी घेणार का, आणि तसं करारात लिहिणार का, हे विचारा. नाव मोठं म्हणून हमी मोठी, असं धरून चालू नका.

झटपट ओळखण्यासारखे

"आतापर्यंत सल्लागारावर ७ लाख खर्च झाले, आता मागे कसं फिरायचं?" ते ७ लाख दोन्ही वाटांवर गेलेलेच आहेत. पुढच्या खर्चाची आणि पुढच्या लाभाची तुलना करा.

"७० जणांनी संमती दिली, तुम्ही आठच उरलात." गर्दी म्हणजे पुरावा नव्हे. पण हे वाक्य नेहमीच दोषी नसतं. किती जण तयार आहेत ही माहिती असेल तर ती उपयोगाची आहे. 'म्हणून योग्य आहे' हा शेपटीचा भाग दोषी. तसंच, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ)खालच्या ४ जुलै २०१९च्या सूचनांनुसार एकूण सदस्यांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. ती मिळाली तर ठराव नियमात बसतो. प्रस्ताव चांगला आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

"ही ऑफर ३१ तारखेपर्यंतच." घाई हे कारण नाही. ३१ नंतर नेमकं काय बदलतं, हे विचारा: एखादी सवलत संपते, अधिमूल्याचा (पालिकेला भरायच्या प्रीमियमचा) दर बदलतो, की नुसतंच कॅलेंडरचं पान उलटतं? पहिल्या दोन्हींना कागद दाखवता येतो.

"म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी चार मजले चढतच मरावं, असंच ना?" तुम्ही फक्त बँक गॅरंटीबद्दल (विकासकाने काम सोडलं तर बँकेने पैसे देण्याच्या हमीबद्दल) विचारलं होतं. तुमच्या म्हणण्याच्या जागी भलतंच सोपं बुजगावणं उभं करून त्याला झोडपणं सुरू आहे. उत्तर लांबवू नका: "मी तसं म्हटलेलं नाही. माझा प्रश्न प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीचा आहे, त्याचं उत्तर द्या." आणि तेच पुन्हा म्हणा.

"फसवणूक होईल याचा पुरावा आहे तुमच्याकडे?" जो दावा करतो, सिद्ध करायची जबाबदारी त्याची. विकासक म्हणतो भाडं ३६ महिने नियमित देऊ. ते कशाच्या आधारावर देणार, हे त्याने दाखवायचं.

"एकाला जादा पार्किंग दिलं की उद्या सगळे मागतील." म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण अशा वेळी हमखास निघते. घसरण खरीही असू शकते. पहिल्या पायरीवरून दुसरीवर नेणारं काय आहे, ते दाखवता आलं पाहिजे. नियमात अपवादाचे निकष लिहिले तर घसरण थांबते, मग युक्तिवादही थांबतो.

जाता जाता म्हणींबद्दल. म्हण ठसकेबाज असते आणि सभेत हशा मिळवते, पण ती पुरावा नसते. 'शुभस्य शीघ्रम्' म्हणणाऱ्याला 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' हे उत्तर तयारच असतं. दोन्ही बाजूंना म्हण मिळते त्या अर्थी ती काहीच ठरवत नाही.

जे दोषासारखं दिसतं, पण नसतं

इथे तर्कदोष शिकलेलेच जास्त चुकतात.

"सेक्रेटरींचा मुलगा त्या विकासकाकडे नोकरीला आहे." ही व्यक्तिनिंदा आहे का? सेक्रेटरींनी मांडलेला हिशेब चूक ठरवायला हे वापरलं तर आहे. बेरीज कोणीही केली तरी बेरीजच असते. पण सेक्रेटरी म्हणत असतील "माझ्यावर विश्वास ठेवा, मी सगळं तपासलंय", तर हितसंबंध विचारणं अगदी रास्त आहे, कारण तिथे कारण म्हणून त्यांची विश्वासार्हताच पुढे केलेली आहे. ढोबळ कसोटी अशी: मुद्दा कागदावर पडताळता येत असेल तर माणूस बाजूला ठेवा, माणसाच्या शब्दावरच उभा असेल तर माणूस तपासा.

तज्ज्ञांचंही तसंच. तज्ज्ञाचं ऐकणं हा दोष नाही. आपल्या विषयाबाहेर बोलणाऱ्या तज्ज्ञाचं ऐकणं हा दोष. कॉलमच्या ताकदीबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअर, भांडवली नफ्यावरच्या कराबद्दल सीए, कराराबद्दल वकील. आर्किटेक्टने करसवलतीबद्दल छातीठोक सांगितलं तर ते नम्रपणे ऐकून सीएला विचारावं. पीएमसीची (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराची) फी कोण देतो आणि कशावर अवलंबून आहे, हेही विचारून ठेवावं.

आणि भावना. चौथ्या मजल्यावरच्या आजींना वर्षभर खाली उतरता आलेलं नाही, हे सांगताना कोणाचा गळा दाटला म्हणून ते कारण खोटं होत नाही. लिफ्ट हवी, हे त्यातून नीट सिद्ध होतं. मात्र याच विकासकाकडून, याच अटींवर, याच महिन्यात, हे सिद्ध होत नाही. कारण जितकं पेलतं तितकंच त्याच्यावर लादावं.

शेवटची खबरदारी: युक्तिवाद चुकीचा म्हणून निष्कर्षही चुकीचा, असं नसतं. समितीने पाच भिकार कारणं देऊनही प्रस्ताव उत्तम असू शकतो. दोष सापडला की एवढंच कळतं, की या कारणाने तो सिद्ध झाला नाही.

विरोधकांची वही रिकामी ठेवू नका. "सगळे बिल्डर चोर", "मागच्या समितीने पैसे खाल्ले, ही पण खाणारच", "बोलणी सुरू झाल्यापासून गळती वाढली, म्हणजे मुद्दाम करताहेत" ही वाक्यंही तीन ओळींत मांडून पाहा. गळतीचं कारण बहुधा पाऊस आणि उखडलेलं वॉटरप्रूफिंग असतं. कावळा बसला आणि फांदी मोडली. आपल्या बाजूचं पोकळ कारण आपणच आधी काढून टाकलं, तर समोरच्याला झोडपायला सोपी जागा उरत नाही.

सभेत हे वापरायचं कसं

तोंडी वादात वेगवान माणूस जिंकतो, म्हणून शक्य तितकं कागदावर आणा. सभेची सूचना आणि प्रस्ताव हातात आला की तीन ओळींची चाचणी घरीच करा. त्यातून निघालेले प्रश्न जास्तीत जास्त सहा ठेवा. वीस पाठवले तर सोपे तीन निवडून उत्तरं दिली जातात. प्रत्येक प्रश्न एकाच गोष्टीचा आणि उत्तर आकडा, तारीख किंवा कागद असेल असा हवा. 'विकासक विश्वासार्ह आहे का?' याला "हो" असं उत्तर मिळतं. 'करारावर सही करणाऱ्या संस्थेने आजवर किती प्रकल्प पूर्ण केले, त्यांची मूळ ताबा-तारीख आणि प्रत्यक्ष भोगवटा प्रमाणपत्राची तारीख काय?' याला तक्ता द्यावा लागतो. पत्र समितीला देऊन पोच घ्या.

सभेत एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्यावर जाऊ नका. विषय वळवला गेला तर वाद न घालता म्हणा: "हे महत्त्वाचं आहे, पण प्रश्न क्रमांक दोनचं उत्तर राहिलंय." उत्तर नसेल तर "उत्तर उपलब्ध नाही, अमुक तारखेपर्यंत देऊ" असं इतिवृत्तात नोंदवून घ्या. चित्रीकरण होत असेल तर प्रश्न माइकवर, स्वतःचा फ्लॅट क्रमांक सांगून विचारा. इतिवृत्ताचा मसुदा हाती आला की "सदस्यांच्या शंकांचे समाधान करण्यात आले" हे वाक्य त्यात आहे का ते आधी शोधा. असेल, तर कोणती शंका आणि कोणतं उत्तर, ते लिहायला लावणारी हरकत त्याच आठवड्यात लेखी द्या.